काउंटर नंबर दोनवरचा पाहुणा

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा मामानं पतसंस्थेत बोलावून घेतलं. मामा घाटाखालच्या एका पतसंस्थेत हेड क्लार्क आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेत सापडू शकतं आणि पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींमध्ये तर हमखास सापडतं. मामाची तक्रार एवढीच होती की काउंटर नंबर दोनचा कॉम्प्युटर "लय दम टाकते". भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो म्हटल्यावर प्रिंटरपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं. त्यातलंच हे.

मी खुर्चीत बसलो, टास्क मॅनेजर उघडला आणि कोण कोण लॉगिन आहे ते पाहिलं. तिथे दोन नावं होती. एक काउंटरवरच्या ताईंचं. दुसरं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. हे त्या एका मशीनचं अ‍ॅडमिन खातं नव्हतं. मागच्या खोलीत तिजोरीशेजारी जो सर्व्हर ठेवला आहे, त्याचं आणि त्याच्या हाताखालच्या सगळ्या नऊ कॉम्प्युटरांचं मालक असलेलं खातं होतं. कुणीतरी ४१ दिवसांपूर्वी इथे लॉगिन केलं होतं, काम झाल्यावर लॉगआउट न करता नुसतं यूजर बदलून निघून गेलं होतं. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. त्यामुळे मशीन बंद पडलं नव्हतं आणि पाहुणा ४१ दिवस तिथेच मुक्कामाला होता.

"तो पोट्टा येते न अकोल्याहून, त्यानंच केलं असन ते," मामा म्हणाला. "काहून, काही बिघडलं का?"

बिघडलं काहीच नव्हतं. पैसे जागच्या जागी होते, ताळेबंद जुळत होता. या विषयाची खरी पंचाईत हीच आहे. मी मामाला काय उत्तर द्यायचं याचा विचार करत चहा संपवला. माझ्या आजीची मुदत ठेव याच संस्थेत आहे आणि ते काही मी त्या क्षणी विसरू शकत नव्हतो.

मग मामाच्याच पाठीमागच्या तिजोरीकडे बोट दाखवलं. त्या तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. "समज, या तिजोरीची एकच चावी आहे, जी जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांच्या तिजोऱ्यांना लागते," मी म्हटलं, "आणि ती कुणीतरी पाणी प्यायला आला तेव्हा काउंटरच्या ड्रॉवरमध्ये विसरून गेला. ४१ दिवस झाले. कुणी हात लावला नाही. तर काही बिघडलं का?" मामा काही बोलला नाही. उठला आणि कॅशियरला हाक मारली.

*

हा ड्रॉवर नेमका कुठे असतो, ते आधी सांगतो.

आपण सकाळी ऑफिसात एकदा पासवर्ड टाकतो. नंतर दिवसभर शेअर्ड फोल्डर उघडतो, प्रिंटरला कागद पाठवतो, मेल बघतो, पण दरवेळी पासवर्ड विचारला जात नाही. ही सोय फुकट येत नाही. विंडोज आपल्या पासवर्डपासून तयार केलेला एक हॅश, म्हणजे पासवर्डचा न उलगडता येणारा ठसा, आणि काही तिकिटं स्वतःच्या मेमरीत, 'एलसॅस' नावाच्या प्रोसेसमध्ये, जपून ठेवतं आणि आपल्या वतीनं दिवसभर दाखवत राहतं. ज्या मशीनवर तुम्ही समोर बसून किंवा रिमोट डेस्कटॉपनं लॉगिन करता, त्या मशीनच्या मेमरीत तुमची चावी येते. तुमचं सेशन जिवंत आहे तोवर ती तिथेच असते. आणि त्या मशीनवर ज्याच्याकडे अ‍ॅडमिनचे हक्क आहेत, तो ती मेमरी वाचू शकतो.

म्हणजे मोठ्या खात्याची सुरक्षा त्याच्या पासवर्डच्या लांबीवर ठरत नाही. ते खातं आजवर जिथे जिथे बसून आलं, त्यातल्या सगळ्यांत दुबळ्या कॉम्प्युटरवर ठरते. काउंटर नंबर दोनवर पेन ड्राइव्ह लावले जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफ उघडल्या जातात, कुणाचा तरी मुलगा दहावीचा निकाल बघून जातो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी शेगावला इंजिनिअरिंग केलं, तिथे नेटवर्क सिक्युरिटीचा पेपर होता, मला चांगले मार्कही पडले. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका कंपनीत, अकाउंट्सच्या एका मॅडमच्या लॅपटॉपवर टॅली चढत नव्हतं म्हणून मी सरळ डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून मोकळा झालो होतो. दोन मिनिटांत काम फत्ते. मॅडमनी लाडू दिला. तासाभरानं आमचा सीनिअर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्यानं फक्त विचारलं, "तो लॅपटॉप आज संध्याकाळी घरी जाणार आहे ना?" त्याच्याकडे एक साधी स्क्रिप्ट होती. मोठ्या खात्यांची यादी, छोट्या कॉम्प्युटरांची यादी, आणि दोन्हींची गाठ पडली की त्याला मेल. मला तेव्हा राग आला होता. या स्क्रिप्टच्या मागे साठ वर्षांचा इतिहास उभा आहे हे पुढे हळूहळू वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं.

*

सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटीत होते. १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटानं 'सीटीएसएस' नावाची यंत्रणा दाखवली. एकाच महागड्या कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, तर प्रत्येकाची फाइल प्रत्येकाला दिसू नये, म्हणून पासवर्ड आला. आणि पासवर्ड आला तेव्हाच सगळ्यांचे पासवर्ड जिथे ठेवलेत ती फाइल हाताळणारी माणसंही आली.

साठच्या दशकाच्या मध्यात एका शुक्रवारी तिथे जी गंमत झाली ती कॉर्बातोंनी स्वतः नंतर सांगितली आहे. यंत्रणा सांभाळणारी मंडळी एकच सामायिक जागा वापरत. त्यांचा एडिटर काम करताना एक तात्पुरती फाइल बनवायचा आणि तिचं नाव नेहमी तेच असायचं, कारण एका जागेत एका वेळी एकच माणूस काम करणार असं गृहीत धरलेलं. त्या दिवशी दोघं एकाच वेळी बसले. एक जण लॉगिन करणाऱ्याला दिसणारा 'आजचा संदेश' बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल. दोन्हींची अदलाबदल झाली. पुढे जो कुणी लॉगिन करेल त्याला आजचा संदेश म्हणून सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

यात चोर कुणीच नाही. दोघंही आपापलं काम इमानदारीनं करत होते. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते, बहुधा लाडवामुळे.

पुढे युनिक्स आलं, त्यात 'रूट' नावाचं सर्वशक्तिमान खातं आलं. मोठमोठ्या संस्थांत शेकडो माणसं लॉगिन करू लागली आणि प्रश्न पडला की योग्य पासवर्ड टाकणारा माणूस योग्यच आहे हे कशावरून? १९८० साली जेम्स अँडरसन नावाच्या सल्लागारानं एक अहवाल लिहिला. त्याचं म्हणणं असं की यंत्रणा हिशेबासाठी ज्या नोंदी ठेवते, त्याच नोंदी पहारेकऱ्यासारख्या वाचता येतील. त्यानं आतल्या धोक्याच्या तऱ्हा पाडल्या: दुसऱ्याचं सोंग घेऊन आलेला, स्वतःच्याच हक्कांचा गैरवापर करणारा, आणि इतके मोठे हक्क हाती असलेला की जो नोंदच होऊ देत नाही. हा तिसरा सगळ्यांत अवघड. १९८७ साली डोरोथी डेनिंग यांनी या कल्पनेला नीट शास्त्रीय रूप दिलं: प्रत्येक खात्याची नेहमीची चाल काय ते शिकायचं आणि चाल बदलली की घंटा वाजवायची. आज ज्या कंपन्या 'एआय'च्या नावाखाली हे विकतात त्यांच्या माहितीपत्रकातला बराचसा मजकूर या दोन कागदांत सापडेल.

पण प्रत्यक्षात पहिला मोठा चोर सापडला तो हिशेबनिसाच्या नजरेनं. १९८६ साली कॅलिफोर्नियात बर्कलेच्या प्रयोगशाळेत क्लिफ स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ कॉम्प्युटर विभागात टाकला गेला होता. कॉम्प्युटर वापराच्या बिलात ७५ सेंटचा फरक येत होता. त्यावेळच्या हिशेबानं दहा रुपयांच्या आत-बाहेर. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. स्टोलनं माग काढला. आलेला माणूस एका मेल प्रोग्रॅममधल्या चुकीचा फायदा घेऊन थेट सर्वाधिकारी बनत होता आणि तिथून अमेरिकी लष्कराच्या मशीनांकडे जात होता. त्याला पकडायला स्टोलनं शनिवार-रविवारी इतरांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या फोनच्या पन्नासेक लायनींना जोडून दिले. बाहेरचा माणूस जे टाइप करेल ते कागदावर उमटेल. माग शेवटी पश्चिम जर्मनीतल्या हॅनोवरपर्यंत गेला आणि विकत घेणारे सोव्हिएत केजीबीचे निघाले. मामाच्या पतसंस्थेत रोज संध्याकाळी रोकड जुळवताना एक रुपया कमी पडला तर कुणी घरी जात नाही. ही सवय सायबर सुरक्षेत किती मोलाची आहे हे मामाला सांगितलं तेव्हा त्याला ती कौतुकाची बाब वाटली नाही. "मंग काय करा लागते?" एवढंच म्हणाला.

*

आता मेमरीतल्या चावीकडे येऊ.

१९९७ साली पॉल अ‍ॅश्टन यानं दाखवून दिलं की विंडोजच्या नेटवर्कवर दुसऱ्याच्या नावानं शिरायला पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नाही. सर्व्हर जो प्रश्न विचारतो त्याचं उत्तर हॅशवरून तयार होतं. मग हॅशच चोरला तर? त्यानं फाइल शेअरिंगच्या एका मोफत प्रोग्रॅममध्ये थोडा बदल करून पासवर्डऐवजी सरळ हॅश दिला आणि दार उघडलं. ठशाला कुलूप उघडता येत असेल तर तो ठसा कसला, तीच चावी झाली. या युक्तीला 'पास द हॅश' म्हणतात. त्यानंतर २००० साली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, हजारो कॉम्प्युटर एका खात्याच्या हाताखाली आले आणि युक्तीची किंमत हजार पटींनी वाढली. तरी जवळपास दहा वर्षं हे जाणकारांचं गुपित राहिलं.

गुपित फोडलं बेंजामिन डेल्पी या फ्रेंच प्रोग्रॅमरनं. २०११ मध्ये त्याला दिसलं की विंडोज एका जुन्या सोयीसाठी हॅशच नव्हे तर चक्क पासवर्ड मेमरीत ठेवतं. सांकेतिक करून, पण उलगडण्याची किल्लीही शेजारीच ठेवून. त्यानं मायक्रोसॉफ्टला कळवलं. उत्तर साधारण असं आलं की मेमरी वाचायला मशीन आधीच ताब्यात असावं लागतं, म्हणजे हा काही मोठा दोष नव्हे. डेल्पीनं मग 'मिमिकॅट्झ' नावाचा प्रोग्रॅम बनवून सोडून दिला. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या कंपनीत शिरलेल्यांनी तो वापरला. ती कंपनी वेबसाइटना सुरक्षेची प्रमाणपत्रं द्यायची. काही आठवड्यांत तिचं दिवाळं निघालं. २०१२ मध्ये डेल्पी मॉस्कोला भाषणाला गेला, तर हॉटेलच्या खोलीत परतल्यावर त्याच्या लॅपटॉपपाशी एक अनोळखी माणूस बसलेला. तो 'चुकून आलो' म्हणत निघून गेला. नंतर दुसऱ्या एकानं कोड पेन ड्राइव्हवर मागितला. डेल्पीनं ठरवलं की असं एकेकाच्या हाती जाण्यापेक्षा सगळ्यांनाच दिसू दे, आणि कोड खुला केला. त्याचा हा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या ऑफिसात अजून भांडणं होतात. मला वाटतं, बरोबर होता. पण त्याचं बिल पुढे ज्यांच्या नावानं फाटलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं हेही खरं.

*

ते बिल महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आलं.

घाटाखालचा आपला भाग कापसाचा. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस थांबला तेव्हा लिव्हरपूलच्या बाजाराचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं, खामगावला गाठींचे ढीग लागले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खास जलंब-खामगाव या इवल्याशा रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आले, तेही कापसासाठीच. तेव्हापासून इथला शेतकरी एका गोष्टीला सरावलेला आहे: मुंबईच्या बंदरात काय अडकलं त्याचा भाव गावात कळतो. आज ते बंदर म्हणजे उरणजवळचं न्हावा-शेवा, जेएनपीटी.

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाचं एक टर्मिनल आंधळं झालं. गेटवे टर्मिनल्स इंडिया. हे चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगाची. कुठला कंटेनर कुठे आहे, कुठल्या जहाजावर चढायचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच बसली. हातानं नोंदी करून काम रेटावं लागलं, कंटेनर साचत गेले, ट्रकांना थांबायला जागा शोधावी लागली. उरणच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला याचं कारण कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं विश्वास ठेवला नसता. कारण युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं.

युक्रेनमध्ये 'एम.ई.डॉक' नावाचं कर भरण्याचं सॉफ्टवेअर जवळपास सगळे वापरतात. आपल्याकडे टॅली जसं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' पाठवलं. मर्स्कच्या ओडेसातल्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर होतं. एका.

नॉटपेट्या पसरायला दोन वाटा वापरायचं. एक म्हणजे विंडोजमधली एक जुनी भेग. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिली होती, त्यामुळे ज्यांनी अपडेट केलं ते त्या वाटेनं सुरक्षित होते. दुसरी वाट मिमिकॅट्झच्या जातीची. मशीनच्या मेमरीत शिरायचं, तिथे कुणाच्या चाव्या पडल्यात ते पाहायचं, आणि त्या घेऊन शेजारच्या मशीनवर रीतसर, विंडोजच्याच कारभारी साधनांनी, लॉगिन करायचं. तिथल्या मेमरीत आणखी मोठी चावी असेल तर ती घ्यायची. अपडेट केलेलं, अँटीव्हायरस असलेलं, सगळं नीट असलेलं मशीनही पडायचं, कारण त्याच्या दृष्टीनं दारात उभा असलेला अ‍ॅडमिनच होता. अशा वेळी एखाद्या साध्या कॉम्प्युटरवर एखादा डोमेन अ‍ॅडमिन लॉगिन करून जेवायला गेलेला असेल तर पुढचं सगळं मिनिटांचं काम.

मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. हा आकडा कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर दावोसला सांगितला. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. आणि ज्याच्यावर सगळी खाती नांदतात त्या डोमेन कंट्रोलरांच्या दीडशेच्या आसपास प्रती जगभर होत्या, त्या सगळ्या पुसल्या गेल्या. एक सोडून. 'वायर्ड' मासिकात अँडी ग्रीनबर्गनं ती हकिकत लिहिली आहे. घानातल्या ऑफिसात हल्ल्याच्या आधी लाइट गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटला आणि वाचला. इंटरनेट इतकं हळू की त्यातला डेटा पाठवायला दिवस लागले असते, घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, मग तो नायजेरियात गेला, विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली आणि ती लंडनला पोचली. आमच्या मेहकर-लोणार पट्ट्यातल्या पोरांना लोडशेडिंगच्या अंधारात अभ्यास करून जे मिळालं नाही ते मर्स्कला लोडशेडिंगनं दिलं.

वर्षभरानं, ऑगस्ट २०१८ मध्ये, मी पुण्यात नवा होतो तेव्हा कॉसमॉस बँकेची बातमी आली. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे उपसले गेले, आणि १३ तारखेला स्विफ्टवरून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एटीएमच्या व्यवहारांना 'हो' म्हणणारी जी कडी बँकेत असते तिच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःची खोटी कडी बसवली होती. बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ मध्ये यामागे उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना दोषी ठरवलं. ही सगळी इथली, पैसे काढण्याच्या शेवटच्या टोकावरची माणसं. खोटी कडी बसवणारा त्यांत कुणीच नाही.

*

मग हे ओळखायचं कसं? खरं तर नोंद विंडोज स्वतःच करतं. प्रत्येक यशस्वी लॉगिनला ४६२४ क्रमांकाची नोंद पडते. तिच्यात लॉगिनचा प्रकारही असतो: २ म्हणजे माणूस समोर बसून आला, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपनं, ३ म्हणजे नुसता नेटवर्कवरून डोकावून गेला. ३ मध्ये सहसा चावी मागे राहत नाही, २ आणि १० मध्ये राहते. आणि आलेला माणूस बड्या हक्कांचा असेल तर पाठोपाठ ४६७२ ची नोंद पडते. साध्या कॉम्प्युटरवर मोठ्या खात्याची ४६२४, प्रकार २ किंवा १०, दिसली की उठून जायचं आणि बघायचं. माझ्या सीनिअरची स्क्रिप्ट एवढीच होती.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिलं म्हणजे मोठी खाती कोणती याची यादीच कुणाकडे नसते. 'डोमेन अ‍ॅडमिन्स' गटात पाच नावं दिसतात. पण त्यात एक गट, त्या गटात दुसरा गट, त्यात पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला एक जण आणि बॅकअपसाठी बनवलेलं एक खातं, ज्याचा पासवर्ड वेंडरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. दुसरं, मोठेपणा हक्कांत लिहिलेलाच असतो असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००९ मध्ये 'हीट-रे' नावाचा प्रबंध लिहिला, त्यात या प्रकाराला ओळखीचा हिमगोळा म्हटलंय. अ च्या मशीनवर ब येऊन गेला, ब चे हक्क क च्या मशीनवर आहेत, क च्या मशीनवर ड बसतो आणि ड राजा आहे. मग अ छोटा कसा? २०१६ मध्ये अँडी रॉबिन्स, रोहन वझरकर आणि विल श्रोडर यांनी 'ब्लडहाउंड' नावाचं साधन आणलं, ते या वाटांचा नकाशाच काढून दाखवतं. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा तो नकाशा काढला तेव्हा रिसेप्शनच्या कॉम्प्युटरपासून डोमेन अ‍ॅडमिनपर्यंतचं अंतर तीन उड्या निघालं. मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसरी अडचण अगदी घरगुती. नोंदी ज्या त्या मशीनवरच राहतात आणि विंडोजची सुरक्षा-वही मुळात २० एमबीची. भरली की जुनं पुसून नवं लिहायला लागते. मामाच्या काउंटर दोनवर ती वही जेमतेम ११ दिवस मागे जात होती. ४१ दिवसांपूर्वीची नोंद कधीच पुसली गेली होती. पाहुणा अजून बसलेला होता म्हणून सापडला, लॉगआउट करून गेला असता तर मला काहीच दिसलं नसतं. भारताच्या सर्ट-इन या यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितलंय, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय आणि घड्याळंही एका प्रमाणवेळेला जुळवायला सांगितलीत. घड्याळाचं कलम वाचून मला आधी हसू आलं होतं. मामाकडे सर्व्हरचं घड्याळ काउंटरच्या घड्याळाच्या सात मिनिटं मागे होतं. त्यानं कुणाच्या आधी कोण आलं हेच सांगता येईना.

आणि शेवटची अडचण म्हणजे तो अकोल्याचा पोट्टा. त्याच्यावर राग काढणं सोपं आहे. त्याच्याकडे अशा चाळीस संस्था, एक मोटरसायकल आणि प्रत्येक ठिकाणी "साहेब, गर्दी झाली, लवकर करा" म्हणणारी माणसं. मोठा पासवर्ड टाकला की सगळं एका झटक्यात चालतं. छोटा टाकला की चार ठिकाणी अडतं. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन कारभारी असत आणि किल्ला एकट्याच्या हाती राहत नसे, हे आम्ही सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातली पोरं चौथीत पाठ करतो. पण तिथे तिघांना पगार होता. इथे तिघांचं काम एकट्या पोरानं करायचं आणि पेट्रोलही आपलंच.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तो आला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान निघाला. मी त्याला माझी टॅलीची गोष्ट आधी सांगितली, मग बाकीची. आम्ही दोघांनी मिळून काउंटर दोन रीस्टार्ट केला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, मोठं खातं साध्या मशीनवर लॉगिनच होऊ नये अशी पॉलिसी लावली, आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक मशीनला तिचा तिचा वेगळा छोटा अ‍ॅडमिन दिला. नऊ मशीन, नऊ वेगवेगळे पासवर्ड. वहीचा आकारही वाढवला. जाताना तो म्हणाला, "दादा, बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणीही माह्या हातचंच हाये." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रिप्ट मात्र दिली.

पुण्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन. "पासबुकाचा प्रिंटर बंद पडला बे. तो पोट्टा म्हणते, पहिला पासवर्ड चालत नाही अन् नवा मले द्या. ते नऊ पासवर्ड कुठी ठेवले तू?"

मी सांगितलं, पाकिटात आहेत, पाकीट तिजोरीत आहे.

"म्हणजे मॅनेजर साहेब येईपर्यंत थांबा लागन," मामा म्हणाला. "अन् कॅशियर सुट्टीवर हाये."